संध्याकाळचा तास

सांगलीहून इस्लामपूरकडे निघाले की वाटेत आष्टा लागते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, मधूनच हळदीचा एखादा पट्टा, आणि काळ्या रानापलीकडे कृष्णा. याला खेडे म्हणावे, तर इथली नगरपालिका १८५३ सालची. शहर म्हणावे, तर वर्षाची मोजणी अजूनही ज्येष्ठाअखेरच्या चौंडेश्वरीच्या भावईवरून आणि उसाच्या तोडीवरून होते. २०११ च्या जनगणनेत वस्ती ३७ हजारांवर भरली, तरी कोणाचा मुलगा कोणाबरोबर हिंडतो हे चार गल्ल्यांना ठाऊक असते.

अशा गावात मुलाच्या दिवसाची वाटणी फार पूर्वीच होऊन गेलेली आहे. सकाळ घरची, दुपार शाळेची, रात्र झोपेची. ऊन कलल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा जो तास-दीड तास उरतो, तो मात्र कोणाच्याच खात्यावर मांडलेला नसतो. बाप रानातून परतलेला नसतो, आई चुलीपाशी असते, मास्तर आपल्या घरी गेलेले असतात. सात-आठ वर्षांच्या पोराला हा तास खेळायला पुरतो आणि पंचविशीच्या गड्याला तो मिळतच नाही. खरा प्रश्न उभा राहतो तो तेरा ते अठरा या वयाचा. अंगात जोर आलेला, पण त्या जोराला काम नाही. मन भरून आलेले, पण ते सांगायला माणूस नाही. या वयाच्या मुलाचे पुढे काय होणार, हे पुष्कळ अंशी या एका बेवारशी तासात ठरते.

या तासावर आपल्या मुलखात आजवर कोणी कोणी हक्क सांगितला, त्यातून काय निपजले आणि काय निसटले, ते पाहण्याचा हा प्रयत्न आहे. मुलूख म्हणजे जुना सातारा जिल्हा. १९४९ साली त्याचा दक्षिण भाग वेगळा निघून 'दक्षिण सातारा' झाला आणि नोव्हेंबर १९६० मध्ये त्याला 'सांगली' हे नाव मिळाले. आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत सातारा जिल्हाच राहिला.

*

या तासाची पहिली वारसदार तालीम. तालीम म्हणजे काही मोठी वास्तू नव्हे. चार भिंती, वर कौले, आत खोल खणलेला हौदा. हौद्यात तांबडी माती, आणि तीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती लोण्यासारखी मऊ केलेली. कोनाड्यात मारुती. दाराची चौकट ठेंगणी, म्हणजे आत जाताना पैलवानालाही मान लववावी लागे.

या बलोपासनेचे मूळ परंपरा थेट समर्थांपर्यंत नेते. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी बहे-बोरगावचा आणि शिराळ्याचा असे दोन आमच्याच शेजारचे आहेत. पुढे उत्तर पेशवाईत बाळंभट दादा देवधरांनी मल्लखांबाची विद्या नव्याने उभी केली. करवीरात शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि १९१२ साली खासबागेचे मैदान पुरे झाले. त्या मैदानाचा दरारा वारणेच्या अलीकडेही पोहोचला. गावोगावच्या तालमींतल्या पोरांच्या स्वप्नात तेव्हापासून खासबाग येऊ लागले.

स्वप्न एकीकडे, पण तालमीचा रोजचा उपयोग निराळा होता. जत्रेतल्या कुस्त्यांचे मैदान आठवून पाहा. आरंभ होई तो रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी. नाकातला शेंबूड पुसत सात-आठ वर्षांची पोरे मातीत उतरत आणि मूठभर रेवड्या घेऊन उड्या मारीत बाहेर येत. मग नारळावरच्या जोडी, मग दोन-पाच रुपयांच्या, आणि हलगी कडाडत ऊन उतरता उतरता शेवटची नंबरी. म्हणजे पोरांच्या जगातून मोठ्यांच्या जगात चढायला इथे पायऱ्या बांधलेल्या होत्या. आपण कितव्या पायरीवर आहोत हे मुलाला कळत होते आणि गावालाही दिसत होते. वाढत्या वयाच्या मुलाला याहून मोठा दिलासा नसतो.

मी त्या वयाचा होतो तेव्हा १९६० नंतरची वर्षे चालू होती. मी मल्ल होणार नाही हे वस्तादांना पहिल्या आठवड्यातच कळले असावे. मला ते उमगायला दोन वर्षे लागली. त्यांनी मला घालवले नाही. जोर-बैठका झाल्या की माती उकरायची, पाणी शिंपडायचे, मारुतीपुढे दिवा लावायचा आणि शेवटी कुलूप घालायचे, ही कामे हळूहळू माझ्याकडे आली. चौदाव्या वर्षी माझ्या करदोट्याला गावातल्या एका वास्तूची किल्ली होती. तिचे वजन मला अजून आठवते.

एखादा दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी चौकटीतच प्रश्न येई : "काल कुठं हुतास रं?" आवाज दरडावणीचा असे. पण आपण नव्हतो हे कोणाच्या तरी ध्यानात आले होते, एवढे त्या प्रश्नातून कळे. घरी पाच भावंडांत आणि शाळेत साठ मुलांत ते कोणाच्या ध्यानात येणे कठीण होते. ठरलेली वेळ, नाव घेऊन विचारणारे माणूस आणि आपल्यावाचून अडेल असे एखादे काम, या तीन गोष्टी तालमीने दिल्या. पैलवानकी हे त्या झाडाचे फळ. मुळे ही तीन.

*

पण तालमीची चौकट ठेंगणी होती तशी अरुंदही होती. मुलींना तिच्यात प्रवेश नव्हता, हे तर सांगायलाच नको. मुलीचा संध्याकाळचा तास पाण्याच्या घागरीने आणि भाकरीच्या पिठाने केव्हाच विकत घेतलेला होता. आणि ज्यांची सावली विहिरीवर चालत नव्हती, त्यांच्या मुलांना अनेक गावांतल्या हौद्याची माती तरी कशी चालावी?

ही चौकट रुंद करण्याचे काम या भागात आधी वसतिगृहांनी केले. १९०१ पासून शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करण्यास आरंभ केला. तिथे राहिलेले भाऊराव पाटील हे मूळचे ऐतवडे बुद्रुकचे, म्हणजे वाळवे तालुक्यातलेच. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर दुधगावी वसतिगृहाचा पहिला प्रयोग केला, १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढून त्याला शाहू छत्रपतींचे नाव दिले. या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसत, स्वतः दळीत, रांधीत, शेतात खपत. फुरसतीचा तास असा वेगळा तिथे नव्हताच, कारण पोट भरायचे होते. परंतु मुलाच्या रिकाम्या वेळेला काम दिले आणि त्या कामात जात आडवी येऊ दिली नाही, की मुलगा केवढा वाढतो, हे अण्णांनी साऱ्या महाराष्ट्राला दाखवून दिले.

*

याच काळात या तासावर आणखी एक हक्कदार येऊन उभा राहिला, तो म्हणजे राज्यसत्ता. इंग्रजी शाळेबरोबर कवाईत आली होतीच. १९०७ साली बेडन-पॉवेलने ब्राउनसी बेटावर वीस मुलांचे शिबिर भरवले आणि तिथून बालवीर चळवळ जगभर पसरली. हिंदुस्थानात मात्र आरंभी तिची दारे हिंदी मुलांना बंद होती. अॅनी बेझंट, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू यांना आपली निराळी पथके काढावी लागली, आणि सारे प्रवाह एकत्र आले ते स्वातंत्र्यानंतर, १९५० साली. मुंबई प्रांतात १९३८ साली कांदिवलीला शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करणारी सरकारी संस्था निघाली.

आमच्या शेजारच्या औंध संस्थानात याहून वेगळा प्रयोग चालला होता. १९०९ पासून १९४७ पर्यंत गादीवर असलेले भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे निस्सीम उपासक. स्वतः रोज नमस्कार घालीत, घरच्यांकडून घालून घेत, आणि संस्थानातल्या शाळांतून ते त्यांनी सक्तीचे केले. त्यावर त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनला प्रसिद्ध झाले. औंधच्या तुटक तुटक प्रदेशात आटपाडी होते, कुंडल होते, किर्लोस्करवाडी होती. म्हणजे कृष्णाकाठच्या कितीतरी मुलांची सकाळ राजाच्या आज्ञेने पण राजाच्याच उदाहरणाने सुरू होत होती. राजा स्वतः घाम गाळतो हे पाहिल्यावर आज्ञेची धार बोथट होते. कवाईतीला जे साधले नव्हते ते म्हणून औंधला बऱ्याच अंशी साधले.

तरी आज्ञा ती आज्ञाच. ती किती दूर जाऊ शकते याचा दाखला १९३६ या एकाच सालात सापडतो. त्या वर्षी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे तरुण बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आले. १९१४ साली एका आखाड्यातून निघालेल्या संस्थेची ही झेप पाहून महाराष्ट्राचा ऊर भरून आला. आणि त्याच वर्षीच्या १ डिसेंबरला त्याच बर्लिनमध्ये कायदा झाला, की जर्मनीतील सारी मुलेमुली 'हिटलर युवक' संघटनेत संघटित केली जातील. तिथेही मैदाने होती, शिबिरे होती, गाणी होती, ठरलेली वेळ होती, नाव घेऊन विचारणारा नायक होता, अंगावर कामही होते. नव्हती ती एकच गोष्ट. 'मी येणार नाही' असे म्हणण्याची मुभा तिथे नव्हती. वर सांगितलेल्या तीन मुळांना चौथे जोडले पाहिजे ते हे. मुलाने आपल्या पायांनी यावे आणि त्याला आपल्या पायांनी जाताही यावे.

*

हे चौथे मूळ ज्यांना चांगले उमगले होते, त्यांनी ४ जून १९४१ रोजी पुण्यात राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी केली. एस. एम. जोशी त्याचे पहिले दलप्रमुख. संध्याकाळची शाखा, तिथे खेळ, कवाईत, लेझीम, समूहगीत, थोडी गोष्ट, थोडी चर्चा. सुट्टीत सहल, शिबिर, श्रमदान. जातीधर्माची अट नाही आणि मुलामुलींची ताटातूट नाही. आज हे वाक्य सहज लिहून होते. १९४१ साली वाळवे, तासगाव, कऱ्हाड या तालुक्यांत वयात आलेल्या मुलीने मैदानावर पाय ठेवणे म्हणजे काय होते, ते जुन्या माणसांना विचारावे.

वर्षभरातच बेचाळीसचा ऑगस्ट उजाडला. ३ सप्टेंबरला तासगाव, ९ ला वडूज, १० ला इस्लामपूर असे कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. वडूज आणि इस्लामपूर येथे गोळीबार झाला, माणसे पडली. त्यातून पुढे येडेमच्छिंद्रच्या नाना पाटलांच्या नावाने ओळखले गेलेले प्रतिसरकार उभे राहिले आणि १९४६ पर्यंत चालले. त्याचे सैन्य म्हणजे कुंडलची तुफान सेना. तिचे एक सेनानी जी. डी. बापू लाड यांचा जन्म १९२२ चा, म्हणजे चळवळ पेटली तेव्हा त्यांचे वय वीसही पुरे नव्हते. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची आगगाडी अडवून लुटणारी ही पोरे तालमीच्या आणि शाखेच्या वयाचीच होती. दंड कमावलेले, रात्री पाच कोस चालून जाण्याची सवय असलेले, एका हाकेला दहाजण जमणारे हे तरुण आभाळातून पडले नव्हते. मागच्या वीस वर्षांच्या संध्याकाळी त्यांच्या पाठीशी होत्या.

मुलींचीही एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. इंदूताई पाटणकर १९४२ मध्ये सोळा-सतरा वर्षांच्या होत्या. त्या वयात घर सोडून त्या चळवळीत आल्या, सेवा दलाचे काम करीत बायकांना संघटित करू लागल्या आणि पुढे भूमिगतांत सामील होऊन शस्त्रे पोहोचवू लागल्या. स्वातंत्र्यानंतर त्यांनी आणि बाबुजी पाटणकरांनी कासेगावी आझाद विद्यालय उभे करण्याच्या कामाला हात घातला. ज्या मुलीला संध्याकाळी अंगणाबाहेर पडायची मुभा नव्हती, तिने चार वर्षांत एवढे अंतर तोडले.

तरीही इतिहास लिहिणाऱ्याने इथे थोडे थांबावे. बंदूक हाती देणे ही जबाबदारी सोळा वर्षांच्या खांद्याला जड असते. वाळव्याचा किसन अहिर १९४६ च्या फेब्रुवारीत पोलिसांशी झालेल्या चकमकीत पडला, तेव्हा स्वातंत्र्य दीड वर्षावर आले होते. त्याच्या नावाचा साखर कारखाना आज वाळव्यात उभा आहे. काळच तसा होता, त्याला पर्याय नव्हता, हे मान्य. पण आपल्या मुलांच्या संध्याकाळची किंमत अशी चुकवावी लागू नये, यासाठीच तर ते स्वातंत्र्य मिळवले होते.

सेवा दलाने पुढे हाच जोर कलापथकाकडे वळवला. पु. ल. देशपांड्यांचे 'पुढारी पाहिजे' या कलापथकासाठी लिहिले गेले. निळू फुले, राम नगरकर त्याच्याच तालमीत तयार झाले. हौद्यात न रमणाऱ्या मुलालाही आपली अशी एक तालीम मिळाली, हा त्यातला मोठा लाभ.

*

स्वातंत्र्यानंतर कृष्णा-वारणेच्या मातीला नशिबाने उजळ दिवस दाखवले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते; कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असे सांगतात. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दहा वर्षांनी, १९६२ साली, जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत कवठे पिरानचे मारुती माने आणि शिराळ्याकडच्या पुनवतचे गणपतराव आंदळकर या दोघांनी प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य मिळवले. कवठे पिरान आष्ट्याहून काही लांब नाही. ती बातमी आली त्या संध्याकाळी आमच्या तालमीत कोणी जोर मोजले नाहीत.

त्या दिवसांचा अभिमान मला आजही आहे. पण त्याच अभिमानाच्या पोटी एक दोष शिरला. तालीम हळूहळू पदकाकडे डोळे लावून बसली. खुराकाला पैसा लागतो, मैदान मारणाऱ्या पोरावर तो खर्च करावा, बाकीच्यांनी बाजूला उभे राहावे, असा हिशेब सुरू झाला. आमचे जुने वस्ताद थकले, नवे आले. माझ्याबरोबरचा एक पोरगा होता, अंगाने भरलेला, डावाला चपळ. एकेरी पट काढावा तर त्यानेच. एका मैदानात त्याचा गुडघा गेला. महिनाभर तो भिंतीला टेकून कुस्त्या पाहत बसे. मग येईनासा झाला. जुने वस्ताद असते तर दुसऱ्याच दिवशी त्याच्या दारात उभे राहिले असते. नव्या वस्तादांना पोरे पुष्कळ होती. पुढे तो गुत्त्यावर दिसू लागला. त्याने चाळिशी पाहिली नाही.

नव्या वस्तादांना मी दोष देत नाही. किल्ली तेव्हाही माझ्याकडेच होती. कुलूप घालून मी रोज त्याच्याच घरावरून जात होतो. दिवा दिसे, ओट्यावर तो बसलेला दिसे. 'काल कुठं हुतास' एवढे तीन शब्द विचारायचे होते. मी विचारले नाहीत.

*

या साऱ्याला आता शास्त्राचीही साक्ष मिळते. २००० साली रीड लार्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एक निरीक्षण मांडले. दिवसात वेळी-अवेळी विचारणा करून मुलांची मनःस्थिती टिपली, तेव्हा असे दिसले की वर्गात मुलांचे चित्त एकाग्र असते पण मन तिथे नसते. मित्रांत टवाळक्या करताना मन रमते पण चित्त विखुरलेले असते. दोन्ही एकत्र येतात ते स्वेच्छेने पत्करलेल्या, शिस्त असलेल्या खेळात, छंदात, कलेत. त्याच वर्षी महोनी आणि स्टाटिन या दोघांनी स्वीडनमधल्या चौदा वर्षांच्या सुमारे सातशे मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांनी नुसते जमावे म्हणून उघडलेल्या, ज्यात कार्यक्रम नाही आणि मार्गदर्शक नाही अशा केंद्रांत जाणारी मुले वाईट वळणाला अधिक लागलेली आढळली; जिथे नियमित कार्यक्रम आणि लक्ष घालणारे मोठे माणूस होते, तिथली मुले कमी. म्हणजे जागा बांधून भागत नाही. जागेत वस्ताद लागतो. आमच्या आजोबांना हे ठाऊक होते, फक्त त्यांनी त्याचा निबंध लिहिला नव्हता.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, पाच ते सतरा वयाच्या मुलांनी सरासरीने रोज साठ मिनिटे अंग मोडून हालचाल करावी. बरोबर एक संध्याकाळचा तास! हीच संघटना सांगते, की जगातल्या दहा ते एकोणीस वयाच्या दर सात मुलांमागे एकाला मनाचा काही ना काही विकार असतो. आणि १९८९ च्या बालहक्क संहितेचे एकतिसावे कलम खेळ आणि विसावा हा मुलाचा हक्क मानते. त्या संहितेला भारताने १९९२ साली मान्यता दिली. म्हणजे तो तास आता कागदोपत्री तरी बेवारशी राहिलेला नाही.

*

आज आष्ट्यातून संध्याकाळी फेरफटका मारावा. शिकवणीतून निघालेली मुले सायकलीवरून दुसऱ्या शिकवणीला जाताना दिसतात. रस्त्याकडेला भरतीची तयारी करणारे तरुण धावतात; त्यांच्या धावण्यात उद्याच्या नोकरीची घोर चिंता असते. पारावर चारजण बसलेले असतात आणि चौघांचीही मान मोबाइलमध्ये असते. गणपती आले की मंडळाला पन्नास पोरे जमतात, वर्गणी जमते, भिंती हादरवणारा आवाज जमतो. अकराव्या दिवशी सारे विसर्जित होते. उत्साहाची वाण कधीच नव्हती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा नदीकाठी कंबरेएवढ्या पाण्यात उतरून म्हातारीकोतारी बाहेर काढणारी हीच पोरे होती. पुढच्या दोन वर्षांत साथीमुळे जत्रा बंद, मैदाने बंद, हौदे कोरडे पडले, तेव्हा त्यांचे काय चालले आहे हे विचारायला मात्र फारसे कोणी गेले नाही.

एक गोष्ट मात्र मनाला फार समाधान देऊन गेली. मार्च २०२३ मध्ये महिलांची पहिली 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धा सांगलीत भरली आणि सांगलीचीच प्रतीक्षा बागडी तिथे गदा घेऊन गेली. ज्या चौकटीतून मुलीला आत पाहायचीही बंदी होती, ती चौकट अखेर रुंद झाली. पण पदकाच्या चौकटीतून एक मुलगी आत आली म्हणजे काम संपले नाही. जी मुलगी कधीच गदा आणणार नाही, तिलाही अंधार पडण्यापूर्वीचा तो तास हवा आहे. आणि जो मुलगा भिंतीला टेकून कुस्त्या पाहतो आहे, त्यालाही.

यासाठी मोठी इमारत लागत नाही. शाळेचे मैदान पाचनंतर उघडे ठेवावे. तिथे खेळ असो, लेझीम असो, नाटक असो, वाचनालय असो. मुलामुलींनी आपल्या खुशीने यावे. प्रत्येकाकडे काही काम असावे, मग ते जाळे बांधण्याचे असो की दिवा लावण्याचे. आणि रोज यायला तयार असलेले एक मोठे माणूस असावे, ज्याला साऱ्यांची नावे ठाऊक आहेत. गावात निवृत्त शिक्षक आहेत, जुने खेळाडू आहेत, माझ्यासारखे कधीच न जिंकलेलेही आहेत. आमचे गुडघे आता जोर मारायच्या कामाचे नाहीत. पण कोण आले नाही ते पाहणे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या ओट्यापाशी थांबून तीन शब्द विचारणे, एवढे आम्हाला अजून जमेल.

मी अलीकडे ते विचारू लागलो आहे. उशीर झाला आहे, हे खरे. पोरे आधी चमकून पाहतात. म्हाताऱ्याला काय पडले आहे, असे त्यांच्या डोळ्यांत दिसते. मग बाजेवर जागा करून देतात आणि कालची हकिकत सांगायला लागतात.